गाईचं नाव तेवढं राहिलं

मंगळवार, ३१ जानेवारी

माणसांचा अभ्यास शिकून माणूस पुढे काय होतो? बाबांनी आज संध्याकाळच्या धारांच्या वेळी विचारलं. तोच प्रश्न मी आता वहीत उतरवून घेते आहे.

ते म्हणाले, "नर्सिंगला गेलेली पोर नर्स होते. वेल्डिंगला गेलेला वेल्डर होतो. तू काय होणार?"

"मानववंशशास्त्रज्ञ."

"म्हणजे करणार काय?"

"लोकांमध्ये राहायचं. ते कसे जगतात ते बघायचं, विचारायचं, लिहून काढायचं."

"ते तर तुझी देओलिंदा आत्या शाळेत न जाता करते," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

एफ्राइन पलीकडे गाईच्या सडांना यंत्र लावत होते. अकरा वर्षं झाली त्यांना आमच्याकडे धारा काढायला. बाबा विनोद करतात तेव्हा ते नुसती मान हलवतात.

आमच्या घरात शाळेच्या पुढे कोणी गेलं नाही. आजोबा पोर्तुगीज बेटावरून कॅलिफोर्नियात आले तेव्हा सहीऐवजी फुली मारायचे. मी कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं संपवत आणली आहेत, आणि शरद ऋतूत विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं आहे. बाबांच्या लेखी हे सगळं गाडीतलं इंधन जाळणं आहे. अठरा मैल जायचं, अठरा मैल यायचं, आणि हाती काय, तर वही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

प्रोफेसर वेंडलँड तीन कॉलेजांत शिकवतात. कुठेच त्यांना खोली नाही, म्हणून त्या पार्किंगमध्ये आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर आमचे निबंध तपासतात. आवाज करडा आहे. पुढच्या बाकावरच्या मुलानं "आदिवासी लोक" असं म्हटलं तर म्हणाल्या, "आणि तू कोण, पाहुणा?"

सत्राचा निबंध आठ पानी आहे. आपल्याच माणसांमधली एक रीत घ्यायची. ज्यांच्याशी बोलू त्यांच्याकडून संमतीपत्रावर सही घ्यायची आणि प्रत्येक माणसाचं नाव, गाव, ओळख बदलायची. उत्तम निबंधांचे तक्ते करून एप्रिलमध्ये ते मोठ्या व्हरांड्यात लावणार.

मी फेस्त घेतलं, आमच्या चर्चचा वर्षाचा उत्सव. दुसरं काय घेणार? मला वाटतं, आमच्या लोकांना कोणी नीट पाहिलेलंच नाही. बाहेरच्यांना आम्ही म्हणजे शेण आणि माश्या. मी ते बदलणार आहे.

गुरुवार, २ मार्च

पहिला मसुदा परत आला. वर लाल शाईत एकच वाक्य: "ही रीत नाही, ही जाहिरात आहे."

मी काय खोटं लिहिलं होतं? दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पवित्र आत्म्याचं फेस्त होतं. ज्यांचा नवस पुरा झाला ते आपल्या गोठ्यातली सगळ्यांत चांगली गाय देतात. आमच्या समाजाच्या हॉलच्या मागे मोठमोठ्या पातेल्यांत रस्सा शिजतो, खाली पाव, वर पुदिन्याची काडी, आणि जो येईल त्याला ताट मिळतं. पोर्तुगीज असो, मेक्सिकन असो, वाट चुकलेला ट्रकवाला असो. जगात असा नियम किती ठिकाणी आहे?

आमच्याच घरचं उदाहरण दिलं होतं. मागच्या फेस्ताच्या आधीच्या हिवाळ्यात आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खांदे उडवले. बाबांनी दवाखान्याच्या बोळात, आत्यासमोर, मोठ्यानं नवस बोलला की ही उठली तर पेरोला देईन. पेरोला म्हणजे जत्रेत पहिल्या बक्षिसाचा पट्टा मिळवलेली गाय. आईनं तिला वासरू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आई उठली. गेल्या फेस्ताला आम्ही पेरोला दिली आणि सगळ्यांनी डोळ्यांतून पाणी काढून ताटं पुसून खाल्ली. फक्त आईनं आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती.

वेंडलँडबाई गाडीत बसूनच म्हणाल्या, "तुझ्या आठ पानांत एकही माणूस खोटं बोलत नाही, कुणाला कंटाळा येत नाही, कुणी कुणाला फसवत नाही. अशी माणसं मला दाखव, मी तिकडे राहायला जाते. पातेल्याशेजारी कोण उभं असतं ते लिहिलंस. गाय ट्रकमध्ये कोण चढवतं, त्याला विचारलंस?"

गाय एफ्राइन चढवतात.

शनिवार, ११ मार्च

आज पहिली मुलाखत. एफ्राइन आणि त्यांची बायको मारिसेला गोठ्यामागच्या ट्रेलरमध्ये, बाबांनी दिलेल्या चाकांवरच्या घरात राहतात. मी दार वाजवलं तर एफ्राइन इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मारिसेलानं टेबल पुसलं, माझ्यासाठी खुर्ची ओढली, मक्याच्या पानातली तमालेस वाढली आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली. एफ्राइनही बसले नाहीत. मी तीनदा म्हटलं बसा. म्हणाले, "असं बरं आहे, सेन्योरिता."

संमतीपत्र मी स्पॅनिशमध्ये समजावून सांगितलं: भाग घेणं ऐच्छिक आहे, केव्हाही थांबता येतं, सहभागी व्यक्तींची ओळख गुप्त राहील. त्यांनी एकच विचारलं, "मालकांना माहीत आहे?"

"त्यांना कळायची गरजच नाही."

त्यांनी मारिसेलाकडे पाहिलं आणि सही केली. किती सहज होकार दिला! मग मात्र सगळी उत्तरं सारखीच आली. मालक चांगले आहेत, फेस्त चांगलं आहे, गाई चांगल्या आहेत. पाऊण तासात माझं एक पानही भरलं नाही. विश्वास बसायला वेळ लागतो, पुस्तकातही तसंच लिहिलं आहे.

मंगळवार, १४ मार्च

मिळालं.

दुपारच्या धारांआधी परत गेले. मारिसेला बाहेर कपडे वाळत घालत होती, मला बघून आत गेली नाही, तिथेच थांबली. एफ्राइन पुन्हा "सगळं चांगलं, सगळं चांगलं." वातावरण मोकळं करावं म्हणून मी हसत म्हटलं, "असं केलंत तर बाबांना सांगीन हं, एफ्राइन मला मदतच करत नाहीत म्हणून!"

ते हसले नाहीत. बुटाच्या टोकानं मातीत रेघ मारली. मग म्हणाले, "काय लिहायचंय तुम्हाला? खरं लिहायचंय?"

गेल्या वर्षी ट्रकमध्ये पेरोला चढलीच नव्हती. आदल्या दिवशी बाबांनी त्यांना दोन गाईंच्या कानांतले बिल्ले अदलाबदल करायला सांगितले. गेली ती सेरेजा. म्हातारी, मागच्या पायानं लंगडी, तशीही महिन्याभरात खाटकाकडे जाणारी. पेरोला तिसऱ्या आवारात उभी आहे, सेरेजाचा बिल्ला कानात घालून.

"दोनशे सत्तर गाई आहेत. कोण कशाला बघतंय?" ते म्हणाले. मग माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाले, "सेन्योरिता, हे मालकांना कळलं तर आमचं हे घर गेलं. काम आहे तोवर घर आहे. आणि बोलणाऱ्या माणसाला या खोऱ्यात कोणी धारांना उभं करत नाही. कोणीच नाही."

मी शब्द दिला. हातात हात घेऊन दिला.

बुधवार, १५ मार्च

तिसऱ्या आवारात जाऊन पाहिलं. तीच. कपाळावर उलट्या चमच्यासारखा पांढरा ठिपका. मला बघून मान पुढे काढली. गेलं वर्षभर मी या कुंपणावरून रोज गाडी नेते आणि माझं लक्ष गेलं नाही! असं माझं निरीक्षण.

बाबा दर रविवारी पहिल्या बाकावर बसतात. देवाला लंगडी गाय देऊन. आणि कारण काय, तर पेरोला दिवसाला इतर गाईंच्या दीडपट दूध देते. मला त्यांच्या शेजारी बसून जेवता आलं नाही.

परतताना आई भेटली, हातात शिळ्या पावाची पिशवी. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं आहे, ती याच बाजूला येते. "तू इकडे कशी?" म्हणाली. मी म्हटलं, अशीच. तिला सांगायचं धैर्य झालं नाही. ज्या नवसावर आपण जगलो असं तिला वाटतं तो फेडलेलाच नाही, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?

सोमवार, २० मार्च

पाच दिवसांत निबंध नव्यानं लिहिला. विषय: नवसाची वस्तू बदलणं. प्रत्येक समाजात देवाला सांगायची गोष्ट एक आणि द्यायची गोष्ट दुसरी कशी होते, आणि अशा वेळी दुधाचा लोभ श्रद्धेवर कशी मात करतो.

ओळख लपवायला मी जितकी मेहनत घेतली तितकी वर्गात कोणी घेतली नसेल. बाबा झाले "मिस्टर ए". आईची झाली सासू. एफ्राइन झाले पासष्ट वर्षांचे निवृत्त ट्रकचालक. गाव चाळीस मैल उत्तरेला हलवलं. चर्चचं नाव बदललं, ऑपरेशन पोटाचं होतं ते गुडघ्याचं केलं.

पेरोलाचं नाव तेवढं ठेवलं. पेरोला म्हणजे मोती, आणि निबंधातला सगळा मुद्दा मोलाचाच आहे. दुसरं कुठलंही नाव लावून पाहिलं तर परिच्छेद लुळा पडतो. शिवाय नियम स्पष्ट आहे: सहभागी व्यक्ती. गाय व्यक्ती नाही.

तिचं एक चित्रही काढलं, चमच्यासकट. छान आलं आहे.

सोमवार, ३ एप्रिल

वेंडलँडबाईंनी मला वर्गानंतर गाडीपाशी बोलावलं. म्हणाल्या, "चोवीस वर्षं शिकवते आहे. असे निबंध मला तीन आले. हा तिसरा." मग लगेच, "हुरळून जाऊ नकोस, शेवटचं पान भाषण आहे, ते काप." त्यांनी तो विभागप्रमुखांना दाखवला आहे. विद्यापीठाला माझ्यासाठी पत्र लिहिलं आहे. व्हरांड्यात माझा तक्ता दाराच्या अगदी समोर लागणार.

आणि आज विद्यापीठाचं पत्रही आलं! प्रवेश पक्का, सत्र नीट पार पडलं आणि कॉलेजकडून काही तक्रार आली नाही तर.

घरी सांगितलं. आईनं मिठी मारली. बाबा म्हणाले, "मग गुरांना औषध कोण पाजणार?" आत्या जेवायला आली होती. म्हणाली, "शिकू दे रे जेर्मानो. शास्त्रीणबाई मोठ्या झाल्या की आपल्याला भेटायला नंबर लावावा लागेल."

"नंबर कशाला? तिला आपली नावंसुद्धा आठवणार नाहीत."

खोटं बोलणाऱ्या माणसाच्या टोमण्याचं मला आता काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं.

सोमवार, १७ एप्रिल

काल ईस्टर. चर्चबाहेर चिठ्ठ्या काढल्या: फेस्ताआधीचे सात आठवडे पवित्र आत्म्याचा मुकुट सात घरी राहतो. शेवटचा आठवडा आमच्या घरी निघाला. बाबांनी टोपी काढली, त्यांचे कान लाल झाले. फेस्त कमिटीचे अध्यक्ष लाउरेनो फागुंदिश त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ज्यानं पेरोला दिली त्याच्याकडे मुकुट नाही जाणार तर कुणाकडे?"

बाबांनी टोपी परत डोक्यावर ओढली. आई बोटांतली जपमाळ चाचपत जमिनीकडे बघत होती.

मी मनात म्हटलं, ढोंगी. हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

मंगळवार, २५ एप्रिल

तक्ते काल लागले. आज सगळं संपलं.

देओलिंदा आत्या कॉलेजच्या उपाहारगृहात काम करते. दोन वर्षं मी रोज तिच्या खिडकीतून कॉफी घेते. पण ती व्हरांड्यातले तक्ते वाचत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एरवी ती वाचतही नाही. चित्र पाहून थांबली, आणि मग सगळा तक्ता वाचला.

घरी पोचले तर तिची गाडी दारात. तिनं ॲप्रनसुद्धा काढलेला नव्हता.

"मिस्टर ए! मिस्टर ए म्हणे! अगं, या खोऱ्यात पेरोला एकच होती. तिचा पट्टा बांधलेला फोटो हॉलमध्ये लावलाय, मुकुटाच्या शेजारी! आणि चाळीस मैल उत्तरेला काय आहे, सांग ना? बदाम! गाय तरी आहे का तिथे एक?"

"आत्या, तो अभ्यास आहे, त्यात कुणाचं नाव…"

"मी वाढायला होते त्या दिवशी! माझ्या हातानं वाढलं मी लोकांना, 'घ्या, जेर्मानोची पेरोला आहे' म्हणत! लंगडी वाढली मी? फादरांना लंगडी वाढली?"

बाबा खुर्चीत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. म्हणाले, "एफ्राइन."

"नाही, एफ्राइननी काही…"

"बिल्ले मी आणि त्यानं बदलले. मी तुला सांगितलं नाही. मग राहिलं कोण?" ते उठले. "रविवारी ट्रेलर रिकामा करायचा."

मी ओरडले. म्हटलं, चोरी तुम्ही केली आणि घर त्यांचं जाणार? देवाला फसवलंत, आईला फसवलंत, दुधासाठी!

बाबांचा चेहरा विचित्र झाला. म्हणाले, "दुधासाठी," आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे आई उभी होती, हातात कप. "कुणाला विचारून केलं ते तुला काय माहीत?"

नेहमीप्रमाणे आईच्या आड लपले.

आत्या गेल्यावर आई माझ्या खोलीत आली. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "गाईचं लिहिलंस ते लिहिलंस. 'लोभानं' असं का लिहिलंस?"

"कारण तेच कारण आहे."

"मला विचारलं होतंस?"

"तू आजारी होतीस, आई. तुला काय विचारायचं?"

तिनं माझ्या टेबलावरचा रिकामा कप उचलला. मग दिवा न लावता गेली.

बुधवार, २६ एप्रिल

फागुंदिशांचा फोन आला. बाबांचं बोलणं फक्त "हो" आणि "या" एवढंच. शनिवारी कमिटी आमच्या गोठ्यात येऊन तिसरं आवार बघणार. तोवर मुकुटाचं काही बोलायचं नाही.

धीर करून ट्रेलरकडे गेले. खोकी बाहेर काढलेली. मारिसेला एका खोक्याला दोरी बांधत होती. मी म्हटलं, मला फार वाईट वाटतं, मी नावं बदलली होती, मी सगळं नियमानं केलं, संमतीपत्रसुद्धा…

"दाखव ते पत्र," ती म्हणाली.

मी पिशवीतून काढून दिलं. तिनं ते एका हातात धरलं, वाचलं नाही.

"यात लिहिलंय ना, नाही म्हटलं तरी चालेल म्हणून? तू मालकाची पोर. मालकाच्या ट्रेलरच्या दारात उभी. 'बाबांना सांगीन' म्हणालीस. मी ऐकलं, मी इथेच कपडे वाळत घालत होते. नाही कसं म्हणतात ते तू आम्हाला शिकव ना, कॉलेजात जातेस तर!"

"ती गंमत होती."

"तुझी."

एफ्राइन आतून म्हणाले, "राहू दे, मारिसेला." तिनं कागद मला परत दिला आणि खोकं उचललं. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "हे आमचं आहे."

आज वर्ग होता, गेले नाही. दिवसभर ते वाक्य वाचते आहे: भाग घेणं ऐच्छिक आहे. त्यात चूक कुठे आहे ते सापडत नाही, आणि ते खरंही वाटत नाही.

गुरुवार, २७ एप्रिल

सकाळी बाबा एकटेच धारा काढत होते. एफ्राइन नव्हते. मी शेडमध्ये जाऊन यंत्र उचललं तर म्हणाले, "ठेव."

मी विचारलं, शनिवारच्या आत गाय दुसरीकडे नेता येणार नाही का?

"हलवायची असती तर गेल्या वर्षीच गेली असती." बाबांनी आई रोज चालायला जाते त्या वाटेकडे बघितलं.

मग मी कालपासून जे ठरवत होते ते बोलले. "मी सगळ्यांना सांगते की मी ते रचलं. एफ्राइनशी कधी बोललेच नाही, बिल्ल्याची गोष्ट माझ्या डोक्यातली. मग कमिटीला यायचं कारण उरत नाही. पण एफ्राइन राहिले पाहिजेत. घरासकट. आज ना उद्या काढू असंही नाही."

बाबांनी सड पुसायचं फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. "माझ्या पोरीनं मला खोटं पाडावं, आणि मग मला वाचवायला स्वतः खोटं पडावं. हे शिकवतात का तुला?"

"राहतील का ते?"

"राहतील." आणि मी दाराशी पोचल्यावर, "तू मात्र परत माझ्या गाईंमध्ये यायचं नाही."

दुपारी हॉलमध्ये कमिटी बसली होती. सातजण, सगळे मला बाप्तिस्म्यापासून ओळखणारे. मी उभी राहिले आणि सांगितलं. चांगले मार्क हवे होते. साधी गोष्ट कोणी वाचत नाही म्हणून रचली.

कोणीतरी म्हणालं, "बापाला विकून मार्क!" आत्या मागे उभी होती. म्हणाली, "तरी मी म्हणत होते, जेर्मानो असं करणार नाही." सुटल्यासारखी रडायला लागली. मला कळलं की तिला हे खरं मानायचंच आहे. सगळ्यांनाच मानायचं होतं. खोट्यावर विश्वास बसायला एवढा कमी वेळ लागतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

फागुंदिश तेवढे हलले नाहीत. "इदालिना, आज तू म्हणतेस खोटं, परवा म्हणत होतीस खरं. भिंतीवर तर कॉलेजच्या शिक्क्यानिशी खरं लावलंय. कॉलेजला लिहून दे. शिक्का मारलेली प्रत उद्या माझ्याकडे. नाहीतर शनिवारी आम्ही येतोच."

शुक्रवार, २८ एप्रिल

प्रोफेसर वेंडलँड गाडीच्या मागच्या सीटवर सँडविच खात होत्या. दार उघडं, मांडीवर निबंधांचा गठ्ठा. मी पत्र दिलं. त्यांनी खाता खाता वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला सँडविच खाली ठेवलं.

पत्रात मी लिहिलं होतं की निबंधातली मुलाखत झाली नाही, माहिती देणारा माणूस नाही, संमतीपत्रावरची सही माझी आहे, नवस, गाय आणि बिल्ले माझी कल्पना आहे.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"निबंध खोटा आहे."

"गाईचं ते कपाळ कोणी कल्पनेनं काढत नाही. कोण दबाव आणतंय? तुझे वडील?"

"कोणी नाही."

"मी तो निबंध विभागप्रमुखांना दिला. त्यावर माझं नाव आहे. माझा करार दर सत्राला नवा होतो, माहीत आहे तुला? आता मी ती बाई, जिला एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं मूर्ख बनवलं." त्यांचा आवाज वाढला. दोन गाड्यांपलीकडे कोणीतरी वळून पाहिलं. "तुला हे सुचलं तरी होतं का, माझं काय होईल ते?"

सुचलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

त्यांनी उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं. मग हळू म्हणाल्या, "ऐक. माहिती रचल्याची नोंद पुसली जात नाही. विद्यापीठ तुला घेणार नाही, हे नाही आणि दुसरंही नाही. या विषयात तुझ्या एका ओळीवर यापुढे कोणी विश्वास ठेवणार नाही, खऱ्याही नाही. चोरीसुद्धा माफ करतात. हे करत नाहीत. समजतंय?"

"हो."

"कुणासाठी तरी करते आहेस."

मी गप्प राहिले. तेवढं मला आता येतं.

त्यांनी पत्राची घडी घातली आणि गठ्ठ्याखाली सरकवली. "सोमवारपर्यंत हे मी पाहिलं नाही. दोन दिवस विचार कर. सोमवारी ये, तुझ्यासमोर फाडते. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. नाही आलीस तर मग डीनकडे देईन."

मी म्हटलं, सोमवारची गरज नाही, हेच पत्र मी आधीच देऊन आले आहे. डीनच्या ऑफिसात सव्वानऊला दिलं, त्यांनी शिक्का मारला. शिक्क्याची एक प्रत फागुंदिशांना त्यांच्या गोठ्यावर दहाला दिली. त्यांनी ती माझ्यासमोर दोनदा वाचली आणि कमिटीला फोन करून शनिवार रद्द केला. तक्ता येता येता मी स्वतः भिंतीवरून काढला.

"तुमच्याकडे मी सगळ्यांत शेवटी आले," मी त्यांना म्हटलं.